लशीची दुसरी किल्ली

विशेष प्रतिनिधी

१३ मार्च २००६ ची सकाळ. लंडनच्या वायव्य भागातील नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात असलेल्या एका औषधचाचणी केंद्रात आठ निरोगी तरुण दाखल झाले होते. मानधन घेऊन नव्या औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीत भाग घेण्यास ते स्वखुशीने आले होते. त्यांच्यापैकी सहा जणांना 'टीजीएन १४१२' हे औषध शिरेतून देण्यात आले, तर दोघांना औषध नसलेले साधे द्रावण. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, कंबरदुखी, मळमळ आणि हुडहुडी सुरू झाली. रक्तदाब कोसळला. सोळा तास उलटण्यापूर्वीच सगळ्यांची प्रकृती चिंताजनक झाली. फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे साथ सोडू लागली व त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सुदैवाने सहाही जण वाचले; मात्र त्यातील एकाला हातापायांच्या बोटांचे काही भाग कायमचे गमवावे लागले.

विपर्यास असा की, हे औषध शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकविण्यासाठी नव्हे, तर तिला शांत करण्यासाठी तयार करण्यात आले होते. सांधेदुखीच्या काही आजारांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. अशा वेळी तिला आवर घालणाऱ्या 'नियामक टी पेशीं'ची संख्या वाढवावी, असा जर्मनीतील वुर्झबर्ग येथील संशोधकांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी टी पेशींच्या पृष्ठभागावरील 'सीडी २८' नावाच्या रेणूला हात घातला. आपण दंडावर एखादी लस टोचून घेतो तेव्हा ती अंगी लागणार की नाही, हे ठरविण्यात याच रेणूचा मोठा वाटा असतो.

ही दुर्घटना औषधाची होती, लशीची नव्हे, हे आधीच स्पष्ट करायला हवे. कोणतीही लस या रेणूला असे थेट आणि एकदम सगळीकडे चेतवत नाही. परंतु 'तुटून पडा' आणि 'आता आवरते घ्या' या दोन्ही आज्ञा शरीरात एकाच तारेवरून कशा धावतात, हे त्या सकाळी साऱ्या जगाला कळले. लसीकरण यशस्वी का होते, कधी कमी का पडते, आणि लस टोचूनही आपले शरीर आपल्यावरच का उलटत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच तारेच्या दोन टोकांना बांधलेली आहेत.

दोन किल्ल्यांचा लॉकर

बँकेतील लॉकर उघडायचा तर दोन किल्ल्या लागतात. एक ग्राहकाची, दुसरी बँकेची. दोहोंपैकी एकच असेल तर दार उघडत नाही. टी पेशींचे काम नेमके असेच चालते.

टी पेशी म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक महत्त्वाचा वर्ग. शरीरात या पेशी असंख्य असतात आणि प्रत्येकीची ओळखण्याची चीज निराळी असते. एखादी पेशी घटसर्पाच्या विषाचा तुकडा ओळखेल, तर दुसरी गोवराच्या विषाणूचा. हे तुकडे त्यांच्यासमोर मांडण्याचे काम 'डेंड्रायटिक' नावाच्या पेशी करतात. झाडाच्या फांद्यांसारखे हात पसरून या पेशी त्वचेखाली आणि स्नायूंत दबा धरून बसलेल्या असतात. आत शिरलेला पदार्थ त्या गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तेथे एखाद्या टी पेशीला आपल्या ओळखीचा तुकडा दिसला की पहिली किल्ली फिरते.

पण तेवढ्याने भागत नाही. तुकडा ओळखीचा असला, तरी तो शत्रूचा आहे की आपल्याच शरीराचा, हे टी पेशीला कळत नाही. ती खात्री डेंड्रायटिक पेशीने द्यायची असते. तिला जंतूंची किंवा इजेची चाहूल लागली असेल, तर ती आपल्या पृष्ठभागावर 'बी ७' गटातील दोन रेणू मोठ्या संख्येने उगवते. त्यांची नावे सीडी ८० आणि सीडी ८६. टी पेशीवरील सीडी २८ हा रेणू त्यांना जाऊन भिडला की दुसरी किल्ली फिरते. शास्त्रज्ञ याला 'सहउत्तेजक संकेत' म्हणतात. दोन्ही किल्ल्या फिरल्या की टी पेशी भराभर विभागू लागते आणि एकीच्या हजारो होतात.

दुसरी किल्ली फिरलीच नाही तर? तर टी पेशी नुसती थांबून राहत नाही; ती बधिर होते. पुढे खरा शत्रू समोर आला तरी ती ढिम्म हलत नाही. अमेरिकेतील मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी १९८७ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. निसर्गाची ही योजना शहाणपणाची आहे. आपल्या शरीरातील प्रथिनांचे तुकडे डेंड्रायटिक पेशींवर अहोरात्र मांडलेले असतात. केवळ ओळख पटण्यावर हल्ला सुरू झाला असता, तर कुणाचेच सांधे, थायरॉइड वा स्वादुपिंड शाबूत राहिले नसते.

घोडे, साबुदाणा आणि तुरटी

गंमत म्हणजे ही दुसरी किल्ली माणसाने तिचे नावही माहीत नसताना वापरायला सुरुवात केली होती. १९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गॅस्टन रॅमॉन हे पशुवैद्य घोड्यांना घटसर्पाचे निर्विष केलेले विष टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष मिळवत असत. सुई टोचलेल्या जागी ज्या घोड्यांना गळू होई, त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक सापडते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी मुद्दाम थोडा दाह निर्माण व्हावा म्हणून टोचण्याच्या द्रवात पावाचा चुरा, टॅपिओका असे पदार्थ मिसळून पाहिले. टॅपिओका म्हणजे ज्या पिठापासून आपला साबुदाणा तयार होतो ते पीठ. उपाय लागू पडला. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी यांनी त्याच कामासाठी तुरटी वापरली. ॲल्युमिनियमचे क्षार आजही घटसर्प, धनुर्वात, कावीळ-ब यांसारख्या आजारांवरील अनेक लशींमध्ये असतात.

या पदार्थांना 'ॲडज्युव्हंट' म्हणजे साहाय्यक द्रव्य म्हणतात. ते लशीत का घालावे लागते, याचे समाधानकारक उत्तर मात्र दीर्घकाळ कुणापाशीच नव्हते. येल विद्यापीठातील चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये भर सभेत हा प्रश्न उपस्थित केला. शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर फारशी दखल घेत नाही, त्यात असली 'भेसळ' केली तरच ते जागे होते, ही आपल्या व्यवसायातील झाकून ठेवलेली गोष्ट आहे, अशी कबुली त्यांनी दिली. जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात, त्या ओळखणारी यंत्रणा डेंड्रायटिक पेशींसारख्या पेशींत असली पाहिजे आणि ती जागी झाल्याखेरीज सहउत्तेजक संकेत मिळत नसला पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. पुढील दशकात ते खरे ठरले. या यंत्रणेच्या शोधासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना, तसेच डेंड्रायटिक पेशी शोधणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

थोडक्यात, साहाय्यक द्रव्य हे डेंड्रायटिक पेशीला 'धोका आहे' असे पटवून देते आणि तिच्याकडून दुसरी किल्ली फिरवून घेते. दंड दुखणे, एखाद-दुसरा दिवस कणकण वाटणे हे पुष्कळदा त्याच कामाचे पडसाद असतात.

आवर घालणाऱ्या पेशी

येथवरची गोष्ट सरळ आहे. संकेत जितका जोरदार, तितकी लस प्रभावी, असे कुणालाही वाटेल. गुंतागुंत सुरू होते ती येथून पुढे.

टी पेशींमध्ये काही पेशी अशा असतात, की ज्यांचे काम लढणे नसून लढणाऱ्यांना आवरणे हे असते. अशा पेशी असाव्यात, ही कल्पना १९७० च्या दशकातही मांडली गेली होती. मात्र तिचे पुरावे टिकले नाहीत आणि हा विषय इतका बदनाम झाला की त्यावर काम करण्यास कुणी धजावेना. जपानमधील शिमॉन साकागुची यांनी तो सोडला नाही. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या छातीतील थायमस ही ग्रंथी काढून टाकली, तर काही काळाने त्याचे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटते, हे माहीत होते. निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या तर हा अनर्थ टळतो, हेही दिसत होते. नेमक्या कोणत्या पेशी तो टाळतात, याचा माग काढत साकागुची यांनी १९९५ मध्ये 'सीडी २५' ही खूण असलेल्या पेशींवर बोट ठेवले. एकूण साहाय्यक टी पेशींत त्यांचे प्रमाण जेमतेम पाच ते दहा टक्के असते.

२००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी अमेरिकेत, एका जन्मतः आजारी असणाऱ्या उंदरांच्या जातीचा अभ्यास करताना 'फॉक्सपी ३' या जनुकातील दोष शोधला. याच जनुकात दोष असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि त्वचेचा दाह जडतो. हे जनुकच नियामक टी पेशींचे सूत्रधार आहे, हे २००३ पर्यंत सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि प्रयोगशाळेपुरता असलेला हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

आता प्रश्न असा : या आवर घालणाऱ्या पेशींना कामाला लावणारी किल्ली कोणती? उत्तर चक्रावून टाकणारे आहे. तीच, सीडी २८ ची!

उलटलेला प्रयोग

मधुमेह होणाऱ्या उंदरांची एक प्रसिद्ध जात आहे. या उंदरांत टी पेशी स्वादुपिंडावर हल्ला करतात. टी पेशींना लढण्यासाठी सीडी २८ चा संकेत लागतो; तेव्हा तो रेणूच काढून टाकला तर हल्ला थांबेल आणि मधुमेह टळेल, असे कुणीही म्हणेल. २००० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष मात्र उलट निघाले. सीडी २८ नसलेल्या उंदरांना मधुमेह अधिक लवकर आणि अधिक तीव्र झाला. कारण शोधले तेव्हा कळले की, त्या उंदरांत नियामक टी पेशीच अत्यल्प होत्या. थायमसमध्ये या पेशी घडण्यासाठी आणि पुढे शरीरात टिकून राहण्यासाठीही सीडी २८ चा संकेत आवश्यक असतो. लढणाऱ्यांची रसद तोडायला जावे, तर आवरणाऱ्यांचीच आधी तुटते, असा तो पेच होता.

त्यात आणखी एका रेणूची भर आहे. त्याचे नाव सीटीएलए ४. हा सीडी २८ चा भाऊबंदच. दोघांनाही डेंड्रायटिक पेशीवरील तीच बी ७ खुंटी पकडायची असते. पण सीटीएलए ४ ची पकड कितीतरी घट्ट असते. लढणाऱ्या टी पेशींवर तो चेतना मिळाल्यानंतर उगवतो. नियामक टी पेशी मात्र तो सदैव बाळगून असतात. त्या डेंड्रायटिक पेशीला बिलगतात, सीटीएलए ४ च्या साहाय्याने तिच्या अंगावरील बी ७ रेणू अक्षरशः ओरबाडून काढतात आणि गिळून टाकतात. बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी २०११ मध्ये हे दाखवून दिले. खुंट्याच काढून नेल्या की मागून येणाऱ्या टी पेशींना दुसरी किल्ली फिरवायला जागा उरत नाही.

सीटीएलए ४ नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत दगावतात, हे १९९५ मध्येच दिसून आले होते. माणसांतील पुरावा २०१४ मध्ये मिळाला. या जनुकाची एकच प्रत धड असलेल्या काही रुग्णांत आतडी, फुफ्फुसे, रक्तपेशी अशा अनेक ठिकाणी शरीर स्वतःवर उलटलेले आढळले. विशेष म्हणजे त्यांच्यापैकी अनेकांत उपयुक्त प्रतिपिंडेही कमी होती. आवर सुटला म्हणजे संरक्षण वाढते असे नाही. उलट सगळी शिस्तच बिघडते, हा त्यातून मिळालेला धडा.

सुई टोचल्यानंतरचे दोन आठवडे

आता हे सगळे एका साध्या लसीकरणाच्या प्रसंगात बसवून पाहू.

लस दंडात शिरते. काही तासांत तेथील डेंड्रायटिक पेशी साहाय्यक द्रव्यामुळे सावध होतात आणि बगलेतील लसिका ग्रंथीकडे निघतात. या ग्रंथीत नियामक टी पेशी आधीपासूनच गस्त घालत असतात. त्यांनी लगेच सगळे दडपले तर लस वायाच जायची. म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्यांचा हात सैल होईल अशी तजवीज असते. चेतलेल्या डेंड्रायटिक पेशी इंटरल्युकिन ६ नावाचा संदेश सोडतात. त्याच्या प्रभावाखाली लढणाऱ्या टी पेशी नियामकांना जुमानत नाहीत, असे २००३ मध्ये येल विद्यापीठातील प्रयोगांत दिसले. त्याच सुमारास 'ओएक्स ४०' आणि 'जीआयटीआर' या आणखी दोन सहउत्तेजक रेणूंचे महत्त्व लक्षात आले. लढणाऱ्या पेशींवर हे रेणू चेतवले की त्या अधिक काळ तग धरतात. उंदरांतील प्रयोगांत नियामक पेशींवर तेच चेतवले असता त्यांची दडपण्याची क्षमता कमी झाली. एकाच हाकेने एकाला बळ येते आणि दुसऱ्याचा हात ढिला पडतो, तो असा.

पण ही सवलत मुदतबंद असते. लढणाऱ्या पेशी विभागू लागल्या की त्या इंटरल्युकिन २ नावाचे द्रव्य तयार करतात. नियामक पेशींना ते स्वतः बनविता येत नाही, मात्र जगण्यासाठी आणि वाढण्यासाठी तेच लागते. म्हणजे लढणाऱ्यांची संख्या जितकी वाढेल, तितके आवरणाऱ्यांचे पोषण होते. शिवाय बी ७ च्या खुंट्याही आता विपुल असतात. त्यांच्यामुळे सीडी २८ मार्फत नियामक पेशींनाही चेतना मिळते. त्या वाढतात, खुंट्या ओरबाडू लागतात, इंटरल्युकिन २ शोषून घेतात आणि काही दिवसांत उधाण ओसरू लागते. लसीकरणानंतरचा ताप बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. त्याला इतरही कारणे आहेत, पण प्रतिकारयंत्रणेत आवर हा असा आधीच विणलेला असतो.

पहिल्या आठवड्याच्या सुमारास लसिका ग्रंथीत प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी पेशींची जणू तालीम सुरू होते. ज्यांची प्रतिपिंडे अधिक घट्ट चिकटतात, त्या पेशी निवडल्या जातात, बाकीच्या गळतात. या तालमीतही नियामक टी पेशींची एक खास तुकडी हजर असते, हे २०११ मध्ये तीन निरनिराळ्या संशोधक गटांनी दाखविले. ही तुकडी घडण्यासाठीही सीडी २८ चा संकेत लागतो. तिचे काम केवळ प्रतिपिंडांची संख्या रोखण्याचे नाही. स्वतःच्या शरीराविरुद्ध जाणारी प्रतिपिंडे तयार होऊ नयेत, यावरही ती लक्ष ठेवते.

लंडनमध्ये काय चुकले?

या पार्श्वभूमीवर टीजीएन १४१२ कडे पाहिले की दुर्घटनेचा उलगडा होतो. हे औषध म्हणजे सीडी २८ ला अशा रीतीने पकडणारे प्रतिपिंड होते, की पहिली किल्ली न फिरताच लॉकर उघडावा. उंदीरवर्गीय प्राण्यांत त्यामुळे नियामक टी पेशीच प्रामुख्याने वाढल्या आणि रोग शमला. माकडांनाही काही अपाय झाला नाही. माकडांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा तरुणांना देण्यात आली होती.

फरक होता तो स्मृतिपेशींत. प्रयोगशाळेतील प्राणी जंतुविरहित स्वच्छतेत वाढतात. त्यांच्यात जुन्या लढाया लढलेल्या टी पेशी थोड्या असतात. माणसाच्या शरीरात मात्र लहानपणापासूनच्या संसर्गांची आणि लशींची आठवण ठेवणाऱ्या पेशी ऊतींमध्ये ठाण मांडून असतात. प्रयोगात वापरलेल्या माकडांच्या अशा स्मृतिपेशींवर सीडी २८ हा रेणूच नसतो, माणसांच्या पेशींवर तो असतो, असे ब्रिटिश संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले. त्यामुळे औषध शिरेत जाताच त्या सगळ्या पेशी एकदम पेटल्या. नियामक पेशींना सावरायला अवधीच मिळाला नाही.

ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गॉर्डन डफ यांच्या समितीने २००६ च्या अखेरीस अहवाल दिला. नवे औषध सर्व स्वयंसेवकांना पाठोपाठ न देता एकावेळी एकालाच द्यावे आणि पुरेसे थांबून पुढे जावे, तसेच पहिली मात्रा प्राण्यांना सोसलेल्या मात्रेवरून नव्हे, तर परिणाम दिसू लागेल अशा किमान मात्रेवरून ठरवावी, असा त्या शिफारशींचा आशय होता. २००७ मध्ये युरोपात त्यानुसार नवे नियम आले. पुढे रशियात याच औषधाची अत्यल्प मात्रेत, म्हणजे लंडनमधील मात्रेच्या हजाराव्या भागापासून सात टक्क्यांपर्यंत, पुन्हा चाचणी झाली. त्या वेळी स्वयंसेवकांना वादळ अनुभवावे लागले नाही. उलट नियामक पेशी जाग्या झाल्याची लक्षणे रक्तात दिसली. तार तीच, प्रवाह तेवढा निराळा.

म्हातारपण, बालपण आणि पोटातले जंत

संकेत आणि आवर यांचा हा तोल प्रत्येकाच्या शरीरात सारखा नसतो. उतारवयात नव्या टी पेशींचा पुरवठा आटतो, सहउत्तेजक संकेत क्षीण होतात, अनेक टी पेशींवरील सीडी २८ नाहीसा होतो आणि नियामक पेशींचे प्रमाण वाढलेले आढळते. ज्येष्ठांना एन्फ्लुएन्झाची लस कमी लागू पडते, त्यामागील अनेक कारणांपैकी ही काही. त्यावर उपाय म्हणजे दुसरी किल्ली अधिक जोराने फिरविणे. नागीण या आजारावरील जुन्या जिवंत लशीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना सुमारे ३८ टक्केच संरक्षण मिळत असे. प्रभावी साहाय्यक द्रव्य असलेल्या नव्या लशीने, २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, त्याच वयोगटात सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. त्या द्रव्यातील एक घटक चिली देशातील साबणवृक्षाच्या सालीतून मिळतो.

त्याच सालीतील घटकांपासून बनविलेले दुसरे एक द्रव्य आपल्या परिचयाच्या दोन लशींत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेल्या कोव्होव्हॅक्स या कोविडच्या लशीत आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर तयार केलेल्या 'आर २१' या मलेरियाच्या लशीत ते वापरले आहे. आर २१ ची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमच्या क्षाराला विषाणूची खूण भासणारा एक रेणू जोडला होता. हेतू एकच : डेंड्रायटिक पेशीला नीट जागे करणे.

तान्ह्या मुलांचे गणित आणखी निराळे. गर्भात असताना आईच्या काही पेशी बाळात शिरतात. त्यांच्यावर बाळाच्या शरीराने हल्ला करू नये म्हणून गर्भात नियामक पेशी भरपूर तयार होतात, असे २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. जन्मानंतरही काही काळ पारडे संयमाकडेच झुकलेले असते. बाळांना काही लशी पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात, त्यामागे अपरिपक्व प्रतिकारयंत्रणेचा हाही एक पैलू आहे.

तिसरी गोष्ट पोटातील जंतांची. जंत वर्षानुवर्षे माणसाच्या आतड्यात सुखाने नांदतात, कारण ते नियामक पेशींना चेतवून यजमानाचा प्रतिकार मंद करतात. त्याची झळ लशींनाही बसू शकते. इथिओपियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बीसीजी देण्यापूर्वी जंतनाशक औषध घेतलेल्यांच्या टी पेशींनी क्षयाच्या जंतूंना अधिक चांगला प्रतिसाद दिला. सर्वच लशींबाबत असा लाभ दिसत नसला, तरी स्वच्छ पाणी आणि शौचालय हे लसीकरणाचे मूक साथीदार आहेत, एवढे म्हणायला हरकत नसावी.

उलट्या दिशेची लस

दुसरी किल्ली मुद्दाम फिरवायचीच नाही, असे ठरविले तर? १९६२ मध्ये डेव्हिड ड्रेसर यांनी परके प्रथिन गुठळ्या पूर्णपणे काढून, कोणत्याही साहाय्यक द्रव्याविना उंदरांना टोचले. त्यांच्या शरीराने प्रतिकार तर केला नाहीच, पण पुढेही ते प्रथिन मुकाट्याने सहन केले. परागकणांच्या ॲलर्जीवर त्याच परागकणांची अल्प मात्रा वाढवत टोचण्याचा उपचार लंडनमध्ये १९११ पासून चालत आला आहे. त्यातही नियामक पेशी वाढतात, असे आता दिसते.

याचे अद्ययावत रूप २०२१ च्या आरंभी जर्मनीतून समोर आले. कोविडच्या लशीमुळे प्रसिद्धीस आलेले आरएनए तंत्र तेथील संशोधकांनी उलट्या कामासाठी वापरले. त्यांनी दाह होणार नाही अशा रीतीने सुधारलेल्या आरएनएमधून मज्जातंतूंच्या आवरणातील प्रथिनाचा संदेश उंदरांना दिला. डेंड्रायटिक पेशींनी तुकडा मांडला, पण 'धोका' म्हटले नाही. नियामक पेशी वाढल्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार आटोक्यात राहिला. हे यश अजून उंदरांतले आहे. पण टोचलेल्या पदार्थाइतकाच त्याच्यासोबत दिलेला संकेत महत्त्वाचा असतो, हे यातून स्पष्ट दिसते.

आपल्यापुरते काय?

या साऱ्यातून सर्वसामान्य वाचकाने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, लस घेतल्यावर येणारी कणकण ही बहुतेक वेळा यंत्रणा जागी झाल्याची खूण असते. ताप येण्याआधीच, केवळ खबरदारी म्हणून पॅरासिटामॉल देण्याची सवय अनेक घरांत आहे. चेक प्रजासत्ताकात ४५९ बाळांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे आगाऊ औषध दिलेल्या बाळांत ताप कमी आला, पण काही लशींची प्रतिपिंडेही कमी तयार झाली. बहुतेकांत ती संरक्षणास पुरेशी होती, हे खरे. तरीही ताप आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध देणे वेगळे आणि आधीच देऊन ठेवणे वेगळे. उलट, कणकण आलीच नाही म्हणजे लस लागली नाही, असा अर्थही काढू नये.

दुसरी, आमवातावर 'ॲबाटासेप्ट' हे औषध घेणाऱ्यांसाठी. अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध सीटीएलए ४ चीच नक्कल करते आणि बी ७ च्या खुंट्या झाकून टाकते. म्हणजेच ते दुसरी किल्ली अडवते. त्यामुळे काही लशींचा परिणाम कमी होऊ शकतो. हे औषध चालू असताना आणि बंद केल्यावर तीन महिन्यांपर्यंत जिवंत लशी देऊ नयेत, अशी सूचना औषधासोबतच असते. अशा रुग्णांनी लसीकरणाआधी आपल्या तज्ज्ञांशी बोलून वेळापत्रक ठरवावे. मात्र स्वतःच्या मनाने औषध थांबवू नये.

तिसरी, कर्करोगावरील नव्या उपचारांबाबत. सीटीएलए ४ ला अडवून टी पेशींवरील आवर सैल करण्याची कल्पना जेम्स ॲलिसन यांनी मांडली आणि २०११ मध्ये त्यावर आधारित पहिले औषध बाजारात आले. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या औषधाने अनेकांचे आयुष्य वाढले. परंतु आतड्यांचा दाह, थायरॉइडचे विकार असे त्रासही मागोमाग आले. ते त्रास म्हणजे सैल केलेल्या आवराचीच किंमत आहे. रुग्णाने त्यांची लक्षणे अंगावर काढू नयेत, ती लगेच सांगावीत.

लशीचे मोल आपण सहसा ती किती जोराने लढायला लावते, यावर जोखतो. पण दंडावर टोचलेली प्रत्येक सुई शरीराला लढण्याबरोबरच थांबण्याचीही वेळ शिकवीत असते. नॉर्थविक पार्कमधील सहा तरुणांच्या शरीराला थांबायला अवधी मिळाला नाही. आपल्याला तो दर लसीकरणात मिळतो, आणि म्हणूनच दोन दिवसांनी दंडाचे दुखणे विसरून आपण कामाला लागतो.